ब्रेकला कुंकू

सिस्टर,

मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर प्रत्येक ओळीपाशी तुमची लाल पेन्सिल दिसेल आणि माझं पत्र पुढे सरकणार नाही. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागायचा, ओठ हलवत वाचायचात. आता तुम्हाला वेळच वेळ आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेत तुमचं नाव माहीत असलेलंही कोणी उरलं नसेल. पण परवा दसऱ्याच्या दिवशी, आचरा सोडून देवगडकडे जाताना एका भातशेताच्या बांधावर उभी राहून मी चार मोठ्या पुरुषांवर ओरडत होते आणि ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की आवाज माझा असला तरी शब्द तुमचे आहेत. तेव्हाच ठरवलं, हे तुम्हाला कळवलं पाहिजे.

माझी हकिकत थोडक्यात सांगते. तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीवर टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली, ती शेवटपर्यंत केली. निवृत्तीनंतर साखर वाढली आणि रोज चालायला सांगण्यात आलं. चालणं मला कधीच आवडलं नाही. चालणाऱ्या बाईला लोक थांबवून मुलाची चौकशी करतात, सुनेची करतात, गुडघ्यांची करतात. सायकलवरच्या बाईला कोणी थांबवत नाही, फक्त बघत राहतात. म्हणून सायकल घेतली. आता मालवणात सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी आहे. बाकी सगळे पुरुष. अंगाला चिकटलेले कपडे, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, आणि किमतीत जुनी मोटरसायकल यावी अशा सायकली. रविवारी धामापूरच्या तळ्यापर्यंत जातात, जितकी चरबी जाळतात त्याच्या दुप्पट मिसळ खातात आणि फोटो टाकतात. तारकर्लीला ओल्या वाळूवर सायकली घालतात, तेही फोटोसाठीच, आणि घरी येऊन तशाच भिंतीला टेकवून ठेवतात. खारं वारं आणि खारी वाळू. दोन दिवसांत चेन तांबडी. मग मला विचारतात, "काकी, तुमची चेन अशी कशी राहाता वो?" गोड्या पाण्याने धुते, कोरडी करते, तेल लावते, म्हणून राहते. यात गुपित काय आहे? पण यांना बाटलीतलं काहीतरी परदेशी हवं असतं.

तुमची काळी लेडीज सायकल मला अजून दिसते. शनिवारची दुपार आहे. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघराची मागची पडवी. आत व्हिनेगरमध्ये काहीतरी मुरतं आहे आणि त्याचा वास पडवीत भरला आहे. सायकल उलटी करून ठेवली आहे, शेजारी सार्डिनच्या रिकाम्या डब्यात रॉकेल आहे, आणि मी फडक्याने चेन पुसते आहे. तुम्ही पायरीवर बसून वह्या तपासताय, मान वर न करता. चेन झाली, आता रिम चकचकीत करावी म्हणून मी तेच फडकं रिमकडे नेते, आणि तुम्ही उठलेल्या मला दिसतही नाही, एकदम मनगट धरता. "आगो, तेलाचो हात रिमाक? उतारार म्हाका कोण थांबयतलो? एंजल?" मग आत जाऊन डोक्यावर बांधायचं तुमचं एक जुनं पांढरं कापड आणता आणि माझ्यासमोर टराटरा फाडून दोन तुकडे करता. एक तेलाचं, एक कोरडं. "दोगांची भेट जांवक फावना," म्हणता, म्हणजे दोघांची भेट होता कामा नये, जशी काही वर्गातल्या दोन बडबड्या मुलींना वेगळ्या बाकांवर बसवताय. ते दोन्ही तुकडे मला देऊन टाकलेत. शाळेने मला बरंच काही दिलं, पण बक्षीस म्हणून हातात पडलेलं तेवढंच. सासरी मी ही दोन फडकी दोन वेगळ्या डब्यांत ठेवायची. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "ख्रिस्तांवांच्या शाळेत शिकलेली सून, पण सोवळा पाळता. सायकलीचा." फडकी झिजली, नवी आली, नियम तोच राहिला.

तर दसरा. आदल्या दिवशी ग्रुपवर निरोप आला: सकाळी सायकलींची पूजा, मग देवगडपर्यंत राइड, येताना सायकलींसकट सगळे टेम्पोने. आणि खाली, "आरतीचं ताट काकी आणतील." विचारलेलं नाही, ठरवलेलं. ग्रुपचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याला फोन केला. म्हटलं, ताट आणते, पण ताट आणणारी बाई पुढे कुठे जाणार ते ठरलंय का? तर दात काढण्यापूर्वी लावतो तसा मऊ आवाज लावून म्हणाला, "काकी, तुमी आचऱ्यापर्यंत चला. थंयसून टेम्पोत बसा. पुढे चढ-उतार लय आसत. उगाच काय झाला तर?"

"काय झाला तर म्हणजे? मेलंय तर?"

"तसा न्हय वो काकी."

"मगे कसा ता सांग, रे डॉक्टरा."

"आचऱ्याक बघूया," म्हणाला. मुलांना दुकानासमोरून ओढून नेताना 'येताना बघू' म्हणतात, तसं. मला सगळं स्पष्ट दिसलं. यावर्षी एकदा त्या टेम्पोत बसले की पुढच्या वर्षीपासून ताट आणि टेम्पो एवढंच माझं काम. फोटोत मधोमध उभी करतील, 'आमच्या काकी' म्हणतील, आणि सायकल घरी गंजेल. देवगडला मी स्वतःच्या पायांनी जाणार होते, एवढंच मला ठाऊक होतं.

सकाळी हेल्मेट घालूनच ताट घेऊन गेले. प्रत्येक सायकलच्या हँडलला झेंडू बांधला, हँडलवर हळदकुंकू लावलं, ओवाळलं. इतपत सगळं ठीक. मग डॉक्टरने माझ्या हातातून ताट घेतलं. "काकी, चाक रवला मा! खरी पूजा चाकाची." कुंकू नीट धरावं म्हणून त्याने बोट निरांजनातल्या तेलात बुडवलं आणि चाकाच्या मधल्या स्टीलच्या चकतीवर छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. सिस्टर, तुमच्या वेळी ब्रेकची रबरं रिमला धरायची. यांच्या महागड्या सायकलींना ब्रेक धरतो तो या चकतीला. तीच चकती, तिला खोबरेल. मी म्हटलं, "थंय तेल लावू नको. ब्रेक आसा तो." तर म्हणे, "काकी, पूजेत पण सर्व्हिसिंग?" सगळे हसले. त्याचं बघून आणखी दोघांनी बोटं बुडवली. मी दुसऱ्यांदा सांगितलं, जरा मोठ्याने. "वायच तेलान काय होता!" तेव्हा मी माझं कोरडं फडकं काढलं आणि पुसायला वाकले. त्यावर ग्रुपमधले एक वयस्कर गृहस्थ, वाईट मनाचे नाहीत, हळूच म्हणाले, "काकी, सणाच्या दिवशी कुंकू पुसू नये."

मी हात मागे घेतला. माझे यजमान गेले तेव्हा माझं कुंकू पुसलं, त्या दिवशी 'पुसू नये' असं कोणी म्हटलं नव्हतं.

निघालो. मालवणात रस्ता सपाट, ब्रेक कोण लावतो? पुढे चकत्या शिट्ट्या घालू लागल्या, तर त्याचंही कौतुक, म्हणे आशीर्वाद. आचऱ्याला टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता, त्याचं मागचं फळकूट माझ्यासाठी उघडून ठेवलेलं. मी त्याच्या बाजूने निघून गेले. थांबलेच नाही तर बसवणार कोण? मागून कोणीतरी "काकी! काकी!" केलं. एक्सचेंजमध्ये आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकले, नको ते न ऐकायची कला येते.

मग सड्यावरून, त्या कातळाच्या माळावरून, खाली उतरणारा तो रस्ता लागला. लांबलचक उतार, तळाशी वळण, वळणापलीकडे भातशेतं. डॉक्टर मला ओलांडून पुढे गेला, ऐटीत, हँडलवर वाकून. वळणाआधी त्याची बोटं आवळलेली मला मागून दिसली. चाकं तशीच फिरत राहिली. तो ओरडलाही नाही. वळण सरळ सोडून बांधावरून उडाला आणि पिकल्या भातात दिसेनासा झाला. सायकल टाकून मी धावले, सिस्टर, या गुडघ्यांनी. तेवढ्या वेळात माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. त्याची आई मला ओळखते, हेच एक डोक्यात.

माझ्याआधी शेतकरीण पोचली होती, कमरेला कोयता खोचलेला. "मेल्या, माझा भात मोडलंस मा रे! आता ह्येका उभा कोण करतलो? तुजो बापूस?" डॉक्टर चिखलातून उठून बसला, दाढीला लोंब्या. मग तिचाच सूर बदलला. "लागूक नाय मा रे खंय?" लागलं नव्हतं. हाताला खरचटलं होतं, एवढंच. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काकी, ब्रेकच धरूक नाय." आणि मग मी सुरू झाले. तोवर बाकीचे पोचले होते, तेलवाले दोघे आपापल्या सायकली हातात धरून चालत. उतारावर तुम्हाला कोण थांबवणार होतं, देवदूत? फडकी दोन का असतात, हे लहान मुलीला कळतं, तुम्हाला नाही? मिशा कशाला वाढवल्यात? शेतकरीण कौतुकाने ऐकत राहिली. मग तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तू गो बाये, ह्या वयात ह्यांच्यात काय करतंस?"

"तू ह्या वयात कापणी कशाक करतंस?"

ती हसली आणि चहा ठेवायला गेली.

आम्ही तिच्या मांगरासमोर, शेतातल्या खोपटासमोर, बसलो. डॉक्टरकडे हात साफ करायचं स्पिरिट होतं, दातवाले ते खिशात बाळगतातच. चकत्या स्पिरिटने आणि माझ्या कोरड्या फडक्याने पुसल्या. फडकं लाल झालं. कुंकू पुसलं जात होतं आणि ते वयस्कर गृहस्थ स्वतः चाक फिरवून देत होते. ब्रेकच्या पट्ट्यांनी तेल प्यायलं होतं, त्या काढून चिऱ्यावर घासायला लावल्या, वरचा थर जाईपर्यंत. तिघे डॉक्टर-इंजिनिअर उकिडवे बसून दगडावर घासतायत आणि ती बाई चहा ओतताना म्हणते, "मसाल्याचा वाटाप वाटतास काय रे?" डॉक्टरने तिच्या भाताचं काय द्यायचं ते विचारलं, तर तिने पुढच्या महिन्यात दाढ दाखवायला येते म्हणून सांगितलं. ब्रेक पुरते सुधारले नाहीत, पण धरू लागले. टेम्पो मागून येऊन उभा होताच. त्यात बसायला कोणी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाला, "काकी, मी तुमच्या मागे ऱ्हवतंय."

"मागे नको. पुढे हो. मागसून येवन माझ्यार आपटशील."

मग कुणकेश्वरच्या बाजूने देवगडला पोचलो, ऊन चढलं तेव्हा. चढांवर मी हळू होते, उतारांवर ते हळू होते, त्यामुळे सगळे एकत्रच. मध्ये समुद्र दिसायचा, पुन्हा कलमांच्या बागांआड जायचा. एका चढावर डॉक्टर शेजारी आला आणि माझ्या वेगाने चालवू लागला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी ताट मी आणतलंय." मी म्हटलं, आण, पण तेल घरी ठेव. बंदरावर पोचल्यावर मला ना रडू आलं ना काही. भूक लागली होती. दोन ताटं मासे-भात खाल्ला, साखर असूनही.

हे पत्र कुठे टाकायचं? तुमचा पत्ता मला कोण देणार? राहू दे इथेच, टेबलाच्या खणात. फक्त एक सांगायचं राहिलं. परतताना सगळ्यांबरोबर मीही त्याच टेम्पोत बसले. त्यात लाज नव्हती, ठरलंच तसं होतं. पण आचरा यायच्या आतच मला झोप लागली, डॉक्टरच्या चिखल वाळलेल्या खांद्यावर, मालवण येईपर्यंत. तो म्हणे हललाही नाही. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आहे. केस विस्कटलेले, तोंड उघडं, हेल्मेट मांडीवर. तुम्ही बघितला असता तर म्हणाला असतात, तोंड मिट. मी रोज एकदा तो उघडून बघते, आणि काढून टाका असं अजून कोणाला सांगितलेलं नाही.