कापलेला हत्ती

बाबा, कारंजा गावातल्या आपल्या किराणा दुकानातली चौऱ्याहत्तर सालची एक गोष्ट आज तुम्हाला विचारायची आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात एक रंगीत इंग्रजी मासिक आलं होतं. तुमचा नेम असा, की ज्या कागदावर जिवाचं चित्र आहे तो पुडी बांधायला फाडायचा नाही. चित्रातला जीव फाडणं हीसुद्धा हिंसाच. तशी पानं तुम्ही फळीवर वेगळी ठेवायचा. त्यातच ते दोन पानांवर पसरलेलं चित्र होतं. आफ्रिकेतलं राष्ट्रीय उद्यान. डावीकडे धूर ओकणारे ज्वालामुखी, उजवीकडे मोठं तळं, त्यात पाणघोडे, आणि बरोब्बर मधोमध हत्ती. मी आणि शेजारच्या मुसलमान शिंप्याची मुलगी, माझी जिवाभावाची मैत्रीण, दुपार दुपार त्या चित्रापुढं बसायचो. तिला डोंगर आवडायचे, मला तळं.

एक दिवस चित्र फळीवरून गायब झालं. खाली जमिनीवर हत्तीच्या कानाचा कपटा तेवढा सापडला. तुम्ही मुळात संशयी. गुळाला मुंग्या लागल्या तरी झाकण कोणी उघडं टाकलं याचा तपास चालायचा. तो कपटा तळहातावर घेऊन तुम्ही आईला विचारलं, मग मला. "हे कोनं कापलं?"

"मले नाई मालूम," मी म्हटलं.

तेवढ्यात मैत्रीण दारात आली. तुम्ही तिच्यावरच घसरलात, "कात्री तं तुह्याच घरी हाये ना वं? जिवाची काई कदर हाये का नाई तुमच्या लोकायले?"

"मी नाई कापलं, काका," एवढंच ती म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा ती आपल्याकडं कधी आली नाही.

तुमचा मला फार राग यायचा. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघत चालणारा माणूस दहा वर्षांच्या पोरीला असं बोलतो! पण आता मीही तुमच्यासारखीच संशयी झाले आहे, आणि संशय तुमचाच येतो. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आपण जेवायला बसलो. शिंप्याच्या जड कात्रीचा लाल वळ माझ्या अंगठ्यावर उठला होता. तुम्ही त्याच्याकडं पाहिलं. दोनदा पाहिलं. मग आईला म्हणालात, "पोरीले अजून एक पोळी वाढ."

तुम्हाला कळलं होतं ना? मग काहून गप्प राहिलात, बाबा?

कात्री तिनं आणली, कापलं मी. डोंगर तिचे, तळं माझं, ही वाटणी माझीच. मधे हत्ती येतो हे मला दिसत होतं. तुम्ही गेल्यावर हा कागद आता कुठं धाडणार? माझ्या अर्ध्या चित्रात घडी घालून ठेवते.

ती पोळी मी सगळी खाल्ली.