भिंतीआडचा फोन

आई, आज पुन्हा पडवीत बसले आणि आतून तुझ्या भाकरी थापण्याचा आवाज आला. चूल जाऊन गॅस आला, तुला जाऊनही कितीतरी वर्षं झाली, पिंपळवंडीच्या या घरात आता मी एकटीच असते. तरी दिवेलागणीला भिंतीपलीकडे कुणीतरी परातीत पीठ थापतंय असं मला ऐकू येतं. कुणाला सांगत नाही. नवरा सोडून आलेली म्हणून गाव मला आधीच ओळखतं, त्यात ही भर कशाला.

भावानं परदेशातच लग्न केलं तेव्हा गावातल्या बायका तुझं सांत्वन करायला आल्या होत्या. तू मात्र हट्टाला पेटलीस, सुनेशी इंग्रजीत बोलायचं म्हणून. "तिला आईबाप न्हाईत. जेवली का म्हून इचारणारं कुणीतरी पायजे का न्हाई?" शिकवायला मी होतेच, कॉलेजात इंग्रजी घेतलेली आणि नुकतीच सासरहून परतलेली. समोरासमोर बोलताना तुला हसू फुटायचं, म्हणून युक्ती तूच काढलीस. "फोनात काय त्वांड दिसतंय व्हय? तू भाईर बस. तू माजी सून." मग तू चुलीपाशी, मी पडवीत आणि मधे भिंत. आतून यायचं, "हॅलो, यू ईट?" मी वहिनी होऊन सांगायची, "येस आई, आय एट ब्रेड." की तू लगेच मराठीवर, "नुसता पाव? अशानं काय अंगी लागायचं?" पडवीतलं कुत्रंसुद्धा कंटाळून उठून जायचं.

मला राग यायचा, आई. मी परत आले त्या दिवशी तू "आलीस व्हय, हातपाय धू" एवढंच म्हणालीस आणि ताट वाढलंस. काय झालं, का आले, एका शब्दानं नाही. ओझरला दर्शनाच्या रांगेत भेटलेल्या परक्या बाईनंही विचारलं, तू नाही. आणि त्या न पाहिलेल्या मुलीला रोज विचारायचीस, थंडी वाजते का, दमलीस का, झोप लागते का. उत्तरं मात्र मी द्यायची.

मग एका संध्याकाळी सगळे प्रश्न संपले आणि थापण्याचा आवाज थांबला. मी कधीच न शिकवलेलं वाक्य आतून आलं, अगदी हळू. "यू हॅपी... दॅट हाऊस?" मी भिंतीकडे बघत राहिले. शेवटी वहिनीच्या आवाजात म्हणाले, "येस आई, व्हेरी हॅपी." आतून चुलीतलं लाकूड सरकवल्याचा आवाज आला. मग "बरं, बाय" म्हणालीस आणि पुढची भाकरी थापायला घेतलीस.

रविवारी भावाचा फोन आला. तू घामाघूम होऊन वहिनीला जेवण, थंडी, झोप सगळं विचारलंस. तो एक प्रश्न तेवढा विचारला नाहीस. मला वाटलं, विसरलीस. तू गेल्यावर तुझ्या लुगड्यांच्या घड्या घालताना कळलं, तो प्रश्न तिच्यासाठी नव्हताच. तेव्हापासून हा आवाज येतो, आणि थांबला की आता तो प्रश्न येईल अशी मला भीती वाटते.

हा कागद कुठे पाठवणार, परातीखाली ठेवून देईन. एवढंच सांगायचं राहिलं, परवा थापणं थांबलं तेव्हा मी पडवीतून मोठ्यानं उत्तर दिलं. "नव्हते गं. एक दिवससुद्धा नव्हते." मराठीतच दिलं. मग, खोटं कशाला सांगू, उठून आत जाऊन बघितलं.