बटणांच्या जोड्या

प्रिय ताई,

माझं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायचं नाही आणि मधेच फोन ठेवायचा, ही तुझी जुनी खोड. परवाही तेच केलंस. म्हणालीस, कामाच्या वेबसाइटवर गेट आणि रेलिंगच्या फोटोंखाली पोरखेळ कोण टाकतं, लोक हसतील, मिळायची कामंही जातील. अगं, हसायला आधी कुणी ती वेबसाइट उघडायला तर हवी. आजवर तिच्यावरून एकच गिऱ्हाईक आलं, तेही गेटसाठी नाही, पोपटाच्या पिंजऱ्यासाठी.

पण ते खेळ मी गिऱ्हाइकासाठी टाकलेच नव्हते. तू सांगितलंस ना, बाबांनी एका मुलाची शाळेची पँट शिवली, एक पाय निळा आणि एक काळा, आणि गिऱ्हाईक दुकानात सगळ्यांसमोर हसलं. म्हणालीस, बाबांचं डोकं आता साथ देत नाही, आत्याचं झालं तसंच व्हायला लागलंय. मशीनवर चादर टाकलीस आणि त्यांना नुसतं खुर्चीत बसवलंस. आत्या शेवटी आपल्याला ओळखेनाशी झाली होती, ते मी विसरलेलो नाही. त्या दिवशी माझं वेल्डिंग इतकं वाकडं आलं, की मुकादमाने विचारलं, डोळे मिटून जोडतोस का रे.

खोलीतल्या जोडीदाराला आम्ही मास्तर म्हणतो, कारण विचारलं नसलं तरी तो शिकवतो. वेबसाइटही त्यानेच बनवून दिली. मी सातवीतून पळालेला, मला त्यातलं काय कळणार. त्याला म्हटलं, डोक्याला व्यायाम देणारे खेळ असतात, ते माझ्या पानावर टाकू. बाबा दुसरीकडे कुठे जायचे नाहीत, पण पोरगा काय दिवे लावतोय ते बघायला इथे नक्की येतील. एक खेळ आकडे लक्षात ठेवायचा, दुसरा पालथ्या चित्रांच्या जोड्या लावायचा. मास्तरने चित्रांत फळं ठेवली होती. मी म्हटलं, फळं बघून बाबा फोन बाजूला ठेवतील, शिंप्याला बटणं दे. बाबांचा लगेच फोन. म्हणाले, तुझ्या गेटांपेक्षा बटणं बरी जमलीत. चिमटा काढल्याशिवाय कौतुक करतील तर ते बाबा कसले.

ते रोज खेळायचे आणि त्यांचे गुण मला इथे दिसायचे. आकड्यांत त्यांनी मला आणि मास्तरला, दोघांनाही धूळ चारली. बटणांत मात्र रोज आपटी. तेव्हा वाटलं, ताईचंच खरं. शेवटी मास्तरने कोणतं बटण कशाशी जोडलं तेही दिसेल अशी सोय केली. बघतो तर काय, लाल, पिवळं, पांढरं कधीच चुकलेलं नाही. प्रत्येक वेळी निळ्याला काळं जोडलेलं. मास्तर म्हणाला, अरे, तुझे बाबा विसरत नाहीत, त्यांना दिसत नाही. मग आम्ही निळ्या बटणांना दोन भोकं केली, काळ्यांना चार, आणि चांगली मोठी. दुसऱ्या दिवशी बाबांनी एकही जोडी चुकवली नाही. मी कामावर शिट्ट्या मारत होतो. मुकादम म्हणाला, लग्न जमलं वाटतं.

तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आणलं याने नवीन खूळ. म्हणून भावोजींना गळ घातली. स्वतःचा चष्मा बदलायचा म्हणून ते बाबांना सोबत घेऊन गेले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ताई. डॉक्टर म्हणाले, अशा डोळ्यांना निळं आणि काळं सारखंच दिसतं. बाकी माणूस ठणठणीत. बाबा तर निघताना त्यांना सांगून आले, की तुमच्या कोटाची डावी बाही चुकीची बसवलीय. भावोजींनी हे सांगितलं आणि मी कितीतरी वेळ नुसता हसत होतो. मास्तर घाबरला.

आता हे तुला सांगायचं काम भावोजींनी माझ्यावर ढकललंय, त्यांचा धीर होत नाही. कारण मशीनचा सौदा तू करून बसलीस आणि विसारही घेतलास, तो घरात खर्चूनही झाला, हे त्यांनीच मला सांगितलं. फोनवर तू ऐकणार नाहीस, म्हणून लिहितोय. रागावलेलो नाही. बाबांचं रोजचं सगळं तू करतेस, मी लांबून बटणं मोजतो. तुझ्या जागी मीही भ्यायलोच असतो. फक्त मशीन देऊ नकोस. ऑपरेशन होईपर्यंत दोऱ्याच्या रिळांवर मोठ्या अक्षरात रंगाचं नाव लिहून दे आणि ती चादर काढ. विसार परत करायला आणि पहिल्या डोळ्याला पुरतील, असे तेवीस हजार पाठवतोय.

तुझाच,
भोवरा