साडूच्या डब्यातला मासा

२ मार्च, शनिवार

आजपासून रोजनिशी लिहायची. कारण: साडू.

आज पुन्हा डबा आला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा. आत मासा, साफ करून, तुकडे करून. वर मेहुणीबाईंचा निरोप: यांना आज खूप मिळाले, आम्हाला दोघांना किती लागतात?

इतकी वर्षं या घरातला मासा मी आणला. तळ्याच्या लाकडी धक्क्यावर, अगदी टोकाला बसून, गळ टाकून. टेलरिंगचं दुकान बंद केल्यावर तर रोज. मग साडू रिटायर होऊन याच गावात राहायला आला. पिवळी कयाक घेतली, एका माणसाची अरुंद होडी, आणि तळ्याच्या मधोमध जाऊन माशांना खाऊ टाकायला लागला. आता सगळे मासे तिकडे. धक्क्याला येतं ते शेवाळ.

ही म्हणाली, अहो, घरबसल्या मासा मिळतोय तर तोंड कशाला वाकडं करता?

शपथ घेतली. त्या डब्यातला मासा खाणार नाही. स्वतः कयाकमध्ये बसेन, स्वतः मासा धरेन, आणि तो साडूच्या घरी पाठवीन. याहून मोठ्या डब्यात. वर निरोप: आम्हाला दोघांना किती लागतात?

जेवताना फक्त रस्सा घेतला. रस्सा हिने केलेला आहे. त्याला शपथ लागू होत नाही.

३ मार्च, रविवार

धक्क्यावर गेलो. साडू तळ्याच्या मधूनच ओरडला, काय शिंपीबुवा, शेवाळ काय म्हणतंय? सगळा धक्का हसला. न्हावीसुद्धा हसला, ज्याची लग्नातली पँट मी शिवली. त्यालाही बघून घेईन, पण नंतर. एका वेळी एकच शत्रू.

एक अडचण. मला पोहता येतं, पण ते लहानपणी यायचं. मधे पाण्याशी संबंध आला नाही. पाण्याची भीती मुळीच नाही. खोलीची आहे.

५ मार्च, मंगळवार

बोट क्लबवर गेलो. तिथं भाड्यानं कयाक मिळते आणि शिकवतातही. शिकवणारी बाई आमच्या मुलीच्या वयाची, आवाज हवालदाराचा. तिला सगळे नाववाली म्हणतात.

म्हणाली, काका, पहिला धडा उलटायचा. कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटी करायची, बाहेर पडायचं, परत चढायचं. ज्याला परत चढता येत नाही त्याला मी मधे सोडत नाही.

मी विचारलं, मी इथं शिकायला आलोय की बुडायला? शिंपी पहिल्या दिवशी मुद्दाम बोट मशीनखाली घालतो का?

ती म्हणाली, बोट शिवलं तर माणूस ओरडतो तरी, काका. पाण्यात आवाजसुद्धा येत नाही.

घाबरलो नाही. डॉक्टरांनी कानात पाणी जाऊ देऊ नका म्हणून सांगितलंय, असं सांगून निघालो. डॉक्टरांना विचारायचं राहिलंय, तेवढं विचारून घ्यायचं.

७ मार्च, गुरुवार

कान कापसानं बंद करून कोरडे धडे घेतले, म्हणजे काठावर कयाक ठेवून. नाववाली जे करू नका म्हणते ते सगळं नीट ऐकलं. उभं राहू नका. एका कडेला झुकू नका. उंच गादी घेऊन बसू नका. नांगर मधल्या कडीला बांधून बाजूनं टाकू नका, नेहमी टोकाकडून. नाहीतर वाऱ्यानं दोर ताणला की कयाक कडेवर झोपते. वारा असेल तर घरी बसा. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट पाहिजे.

परत येताना रस्त्यातच डोक्यात उजेड पडला. सातवी पास माणसाच्या डोक्यात पडला, हे लिहून ठेवतो, कारण साडू हेडक्लार्क होता. हे सगळे नियम उलटे धरले की ती हत्यारं आहेत. माणूस पाण्यात कसा पडतो, हे बाईनं मला फुकटात सांगितलं. आता फक्त साडूनं यातलं एक काहीतरी करायला हवं. बुडायला नको. मेहुणीबाई विधवा व्हायला नकोत, त्या मग आमच्याकडेच राहायला येतील. फक्त उलटायला हवा. सगळ्या धक्क्यासमोर. टोपीसकट.

९ मार्च, शनिवार

डबा घेऊन साडू स्वतः आला. मी गोड बोललो. ही चमकून बघत राहिली.

म्हणालो, नांगर मधूनच बाजूला सोडला तर मासा कडेलाच येतो म्हणे. साडू म्हणाला, कोण म्हणे? मी म्हणालो, जाणकार. तो म्हणाला, शिंपीबुवा, मला उलटा करायचाय का? आणि हिच्या हातचा चहा पिऊन हसत हसत गेला.

हत्यार एक, फुकट गेलं.

आजच्या माशात अंडी होती. अंडी खाल्ली. अंडी म्हणजे अजून मासा नव्हे.

१२ मार्च, मंगळवार

सकाळपासून वारा. तळ्यावर पांढऱ्या लाटा. साडूला फोन केला, आज मासा जोरात लागणार बघा. तो म्हणाला, मग तुम्ही जा की.

ही म्हणाली, स्वतःहून फोन केलात त्यांना? बरं वाटतंय ना तुम्हाला?

१४ मार्च, गुरुवार

देव आहे.

दुपारी मेहुणीबाई आल्या, हातात साडूचं लाइफ जॅकेट. म्हणाल्या, यांचं पोट सुटलंय, पुढचे पट्टे लागत नाहीत. बाहेर कुणाकडे देण्यापेक्षा तुम्हीच बघा ना. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?

शत्रूचं लाइफ जॅकेट माझ्या टेबलावर. कैची माझ्या हातात.

१५ मार्च, शुक्रवार

जॅकेट उसवलं. आत फोमचे जाड तुकडे. एक जरी काढून घेतला तरी बाहेरून कळणार नाही. किंवा खांद्याचा पट्टा नुसता टाचून ठेवायचा. हिसका बसला की सुटेल.

टाचला. बघितला. उसवला. टाचलेला खांदा माझ्या हातून बाहेर जाणार? उद्या कुणी विचारलं हे कुणी शिवलं, तर? आयुष्यभर लोकांचे खांदे बसवले मी. पुन्हा शिवला, दुहेरी. मग दुसरा खांदा सिंगल दिसायला लागला, म्हणून तोही दुहेरी. पोटाला दोन्हीकडून पट्टी जोडली. फोम होता तसा आत. पोटाला टॉवेल बांधून घालून बघितलं, माझ्यासुद्धा डोळ्यात पाणी आलं, इतकं बसलं.

ही दयामाया नाही. शत्रूला गाफील ठेवायचं असतं.

१६ मार्च, शनिवार

साडूनं जॅकेट घालून धक्क्यावर फेरी मारली. सगळ्यांना सांगत होता, आमच्या साडूंचा हात बघा, विकतच्याला येईल का ही फिटिंग? चिडवण्याची ही नवीन तऱ्हा आहे. यात मी फसणार नाही.

डब्यातल्या माशाचा एक तुकडा मोडून बघितला. मीठ जास्त आहे का, एवढंच बघायचं होतं. नव्हतं. दुसरा मोडून खात्री केली.

२० मार्च, बुधवार

स्वतःचं लाइफ जॅकेट घेतलं. घातल्यावर उशी बांधून उभा आहे असा दिसतो. काखेत फोम घासतो, गळ टाकताना हात वर जात नाही. सूड घ्यायला निघालेला माणूस असा दिसून चालत नाही. दोन्ही बाजूंचा फोम काढला, पाठीत जरा सैल सोडलं. आता कोटासारखं बसतं.

नाववाली म्हणाली होती, घट्ट पाहिजे. मुलगी हुशार आहे, पण फिटिंग तिनं मला शिकवायचं?

२३ मार्च, शनिवार

उद्या जायचं. रविवारी नाववालीला सुटी असते, काउंटरवर तिचे वडील असतात.

ही म्हणाली, तो उलटायचा धडा झाला का? म्हटलं, ज्याला उलटायचंच नाही त्याला धडा कशाला? हिनं माझी जाड पँट लपवली आहे. सापडत नाही.

डबा आला. बघितलासुद्धा नाही. जेवताना समोर होता, तेव्हा जे दिसलं ते दिसलं.

२४ मार्च, रविवार, सकाळ

पँट सापडली, पिठाच्या डब्यामागे. निघतोय. जरा वारा आहे. जरासाच. गार वाटावं इतका.

२४ मार्च, रविवार, संध्याकाळ

गोधडी पांघरून लिहितोय. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो, म्हणजे उद्या साडू काही वेगळं सांगायला लागला तर पुरावा राहील.

नाववालीच्या वडिलांनी विचारलं, उलटायचा धडा झाला का? म्हटलं, झाला. साडूचा झालेला आहे. कुणाचा, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

बसायला शिलाई मशीनच्या खुर्चीवरची गादी नेली होती, कमरेसाठी. ती उंच आहे असं मला तरी वाटलं नाही. मधोमध पोचलो. साडू होताच, थोड्या अंतरावर. मला बघून त्याचं तोंड उघडं राहिलं. हे सुख मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो ओरडला, भाऊ, वारा वाढतोय, चला परत! म्हणजे मासे माझ्याकडे वळले हे त्यानं ओळखलं.

नांगर टाकायचा होता. टोकाच्या कडीपर्यंत हात पोचेना. मधली कडी हाताशी होती. तात्पुरता तिथं बांधला.

आणि मासा लागला! गळाची काठी अर्धी वाकली. इतका मोठा मासा या तळ्यात कुणाला लागलेला नाही. दिसला नाही, पण ते ओढीवरून कळतं. मी त्याच्याकडे झुकलो. मग वाटलं, हे धक्क्यावरून न्हाव्याला नीट दिसणार नाही. म्हणून जरासा उठलो. पुरता उभा नव्हतो. गुडघ्यात वाकलेलो होतो.

पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. वर पाणी, खाली पाणी. जॅकेट वर सरकून कानांशी आलं, त्यात माझं डोकं बसेना. मी त्याच्यातून खाली घसरत होतो. कयाकला धरून एका कडेनं चढायला गेलो, ती माझ्याच अंगावर आली. दुसऱ्यांदा गेलो, परत आली. ओरडायचं होतं. आवाज आला नाही.

मग आला. दादा, दादा, असा. साडूचं म्हणणं आहे की मी त्याला हाक मारली. तसं काही नाही. मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला हाक मारत होतो. तो वारून बरीच वर्षं झाली, ही गोष्ट वेगळी.

साडू आला. म्हणाला, वर चढू नका, नाहीतर दोघं जाऊ. माझ्या कयाकचं टोक धरा, पाय मारत राहा, माझ्याकडे बघा. टोक निसटलं. तेव्हा मी त्याच्या खांद्याचा पट्टा धरला. सगळं वजन त्या पट्ट्यावर. टाका हलला नाही. एक टाका हलला नाही!

म्हणजे मला माझ्या टाक्यानं वाचवलं. साडू फक्त त्या जॅकेटच्या आत होता.

त्या शुक्रवारी तो खांदा टाचून ठेवला असता तर, हा विचार दुपारपासून येतोय. आला की मी उठून पाणी पितो.

२५ मार्च, सोमवार

ताप. नाववाली घरी येऊन बोलून गेली. इतकं मला दुकानात कुठलं गिऱ्हाईक बोललं नव्हतं. ही बाजूला उभी राहून मान हलवत होती. मग माझं जॅकेट उचलून तिनं नाववालीला दाखवलं. नाववालीनं सैल बाजूतून हात आरपार घातला आणि जॅकेट परत माझ्या उशाशी ठेवलं. ते जास्त लागलं.

गादी, काठी आणि तो मासा तळ्यात राहिले. मासा कुणाला सापडला तर तो माझा आहे.

२८ मार्च, गुरुवार

मोठी बातमी. मेहुणीबाईंनी रविवारी सगळं काठावरून बघितलं होतं. त्यांनी साडूला बजावलं, एक तर मी राहीन नाहीतर ती कयाक. साडूनं रात्रभर विचार केला म्हणे. सकाळी कयाक बोट क्लबला देऊन आला.

जिंकलो. साडूला पाण्यातून बाहेर काढला. माझी पद्धत कुणाला वेडगळ वाटली असेल, पण काम झालं. आता माशांना मधे खाऊ टाकणारं कुणी नाही. ते पुन्हा धक्क्याला येणार. ही म्हणाली, त्या माणसानं तुमचा जीव वाचवला आणि स्वतःचा छंद घालवून बसला, जरा भेटून तरी या. म्हटलं, ताप आहे.

३० मार्च, शनिवार

डबा आला नाही. येणारच नव्हता.

अकरा वाजता एकदा दारापर्यंत जाऊन आलो, वारा कसा आहे बघायला. बारा वाजता पुन्हा. हिनं विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हटलं, कुणाची नाही.

जेवायला उकडलेला बटाटा. विजयाचं जेवण साधंच असतं.

६ एप्रिल, शनिवार

सकाळी धक्क्यावर गेलो. टोकाच्या माझ्या जागेवर साडू बसलेला. हातात नवी काठी. म्हणाला, इथं कसं बसतात हो? मला याची सवय नाही. मी म्हटलं, ती माझी जागा आहे. तो लगेच सरकला. पूर्ण नाही, अर्धा. मी उरलेल्या अर्ध्यात बसलो. न्हावी बघत होता. हसला नाही. त्यामुळे त्याचं काय करायचं ते आता पुन्हा ठरवावं लागेल.

बराच वेळ कुणाला काही लागलं नाही. मला पाण्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी साडूच्या गळाकडे बघत होतो. मग त्याचं बूच बुडालं. इतकी वर्षं मी बसलोय त्या जागेवर, पहिल्याच दिवशी, त्याला हातभर मासा.

मी उठून निघालो. साडू मागून म्हणाला, भाऊ, हा घेऊन जा. आमच्याकडे आता मासा शिजत नाही, आमची ही तळ्याचं नाव काढू देत नाही. तुम्हाला आवडतो.

मी नको म्हटलं. मग पुन्हा नको म्हटलं. दुसऱ्यांदा जरा हळू.

संध्याकाळी हिनं तळला. चार तुकडे खाल्ले, डोक्यासकट. शपथ मोडलेली नाही. शपथ डब्यातल्या माशाची होती. हा पिशवीत होता.