लोण्यातली गोळी

ता. ५ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेतल्या सरांचा राग अजून येतो का, असं विचारलंस. राग कसला, सूड शिजतोय. मुळीतून औषध काढलं मी, उंदरांच्या सुजलेल्या सांध्यांवर त्याचा गुण पाहिला मी, आणि नाव लागलं सरांचं. आयत्या बिळावर नागोबा!

आता त्यांची गोळी संधिवाताच्या रोग्यांना देऊन पाहताहेत. ती लागू पडणार नाही. ते औषध पाण्यात विरघळत नाही. तेलातुपाची सोबत नसली तर रक्तात न उतरता आल्या वाटेनं निघून जातं. म्हणून मी उंदरांना ते तेलात कालवून पाजायचे. सरांना वाटलं, तेल ही नुसती पाजायची सोय. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या म्हणून सांगताहेत. मी अवाक्षर काढणार नाही. पडू देत चारचौघांत तोंडघशी.

तुझे गुडघे कसे आहेत?

लोभ आहेच, तो माझ्या तिखट जिभेसकट सांभाळावा.

तुझी ठमी

ता. १६ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस. त्या रोग्यांत मीही आहे. आमच्याच दवाखान्यात चाललंय ते. तुझं औषध म्हणून हौसेनं नाव दिलं. आणि गोळी मी पहिल्यापासून लोण्यात दडपून घेते. उंदरांना ते तेलातूनच मानवतं, असं सुट्टीत तूच म्हणाली होतीस. मग मला कोरडं कसं मानवेल? दवाखान्यात बोलले नाही, उगाच ओरडा नको.

परवा कठडा न धरता जिना चढले! बाकीचे मात्र कण्हताहेत. माझ्या शेजारी बसते त्या शिंपीणबाईला मशीनचं पायडल मारवत नाही. काम सुटेल म्हणून रडते. सर माझ्यावर भलतेच खूश आहेत. मोठ्या डॉक्टरांच्या सभेत मला चालवून दाखवणार आहेत.

जेवत जा वेळेवर.

तुझी मावशी

ता. २४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझं केलंसवरलं सगळं धुळीला मिळवलंस! लोणी बंद कर, असं लिहून खोडलं. तुझे गुडघे मला हवेत. पण सभेत लोण्याचं नाव काढू नकोस. बाकीच्यांना गुण आला नाही की सर आपोआप उघडे पडतील. शिंपीणबाईंना म्हणावं, थोडी कळ काढा.

रागावलीस तरी पत्र टाक.

ठमी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

सभा झाली. मी व्यासपीठावर तरातरा चालले, टाळ्या पडल्या, आणि मग मी लोण्याचं सांगून टाकलं. एका डॉक्टरीणबाईंनी सरांना विचारलं, लोणी कशाला लागतं? ते नुसतेच चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, त्यांना कसं ठाऊक असणार, औषध माझ्या भाचीचं आहे. सगळी सभा त्यांच्याकडे वळून बघायला लागली. त्यांचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बाहेर शिंपीणबाईनं मला गाठलं. तिचं काम गेलं. तुमच्या भाचीला हे आधीपासून ठाऊक होतं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती भिंत धरून पायऱ्या उतरत गेली.

औषध तुझं, हे आता सगळ्यांना कळलंय. तिचा पत्ता पत्राच्या मागे लिहिलाय. आधी तिच्याकडे जा, मग माझ्याकडे ये.

तुझी मावशी