बाबांच्या कोड्यातला एक चौकोन

१४ डिसेंबर २०२४, शनि., दुपारी ३.१०. अमरावती.
रोपांच्या दुकानात संत्र्याच्या कलमांना चिठ्ठ्या बांधत होतो. अकोल्याहून संपादकांचा फोन. "बाबांच्या शब्दकोड्याचं उत्तर कुठंय? वाचकांची पाकिटं येऊन पडलीत." दिवाळी अंकातलं कोडं सतरा वर्षं बाबाच करायचे. उत्तर कागदावर उतरवायचे नाहीत. मुदत संपली की लिहून स्वतः नेऊन द्यायचे. यंदा अंक बाहेर आला तेव्हा बाबांना जाऊन बारा दिवस झाले होते.
शुक्रवारपर्यंत उत्तर मिळालं नाही तर कोडं रद्द, आणि तसं छापणार. बाबांच्या नावाखाली 'रद्द'. नाही.

१५ डिसें., रवि.
विषय 'संत्र्याची बाग', म्हणून निम्मं जमलं. बाकी जुन्या ग्रंथांतले शब्द. मी दहावी नापास, गणितात. पेन्सिलीनं लिहितो, खोडतो. प्रत्येक ओळ बाबांच्या आवाजात ऐकू येते, मधल्या खोकल्यासकट.

१७ डिसें., मंगळ. अकोला, जठारपेठ.
खोडके सरांकडे गेलो. निवृत्त गणित शिक्षक, दरवर्षी बाबांचं कोडं सोडवणारे. म्हणाले, "अबे, म्या बी पाकीट धाडलं ना! तुले सांगतलं तं बक्षीस कोन्या तोंडानं घेऊ?" मग आत सुनेला हाक, "चहा मांड वं. माही स्पर्धा गेली."
दोन तास बसलो. ग्रंथांतले शब्द त्यांनी काढले, बागेतले मी. शेवटी एकच जागा अडली.
आडवा ९: 'पाणी तोडल्यावरच येतो'. चार चौकोन. सर म्हणाले, "पानी तोडलं तं आमच्या घरी बायकोचा राग येते." मी सांगितलं, बहर. बागेचं पाणी तोडून झाड ताणावर सोडतात, मग पाणी दिलं की फुलतं. पण अक्षरं तीन. त्याच चौथ्या चौकोनात उभा ६ संपतो: 'झाडाभोवती गोल, पाणी धरून ठेवते'. आळे. अक्षरं दोन, चौकोन तीन.
सरांनी तिथं बोट ठेवलं. "हे एक काळं पाह्यजे होतं. तुह्या बापानं सतरा सालांत मले एक डाव फसवलं नाही. मंग यंदाच काहून?"
छापायला द्यायची प्रत मी काढली होती. पट्टी घेऊन. दोनदा ताडून. सरांना सांगितलं नाही. चहा तसाच राहिला.

१८ डिसें., बुध.
हे लिहायचं नव्हतं. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. बाबा हात हवेत फिरवायचे. "तो कागद आन. एक काळं कराचं राह्यलं." मी म्हणायचो, छापायला गेला बाबा, झोपा.
गेला नव्हता. माझ्या पिशवीत होता. तापात बरळतात असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकला.

१९ डिसें., गुरु.
आईनं बाबांच्या कच्च्या कागदांची थैली काढून दिली. कोडं सापडलं. त्यातही तो चौकोन पांढराच. म्हणजे चूक त्यांची. आणि त्यांना ती कळली होती.
सरांना फोन केला, या वेळी सगळं सांगितलं. दवाखान्याचं सोडून. "मंग चूक बापाची म्हन ना. मेलेल्याले कोन जाब विचारते?"
मग दवाखान्याचंही सांगितलं. आणि फोन ठेवला.

२० डिसें., शुक्र., सकाळी ११.
संपादकांना उत्तर वाचून दाखवलं. म्हटलं, चूक माझी, एक चौकोन काळा करायचा राहिला.
हे खोटं आहे का, ठरवता येत नाही.
संपादक म्हणाले, "तेवढा चौकोन सोडून तपासू. बाबांचं कोडं रद्द नाही." जरा थांबून, "पुढच्या दिवाळीचं तूच कर की. हात बसलाय तुझा." हात बसलाय. सोमवारी सांगतो म्हटलं.

२१ डिसें., शनि.
नुसतं बघावं म्हणून अकरा बाय अकरा आखलं. विषय नाही, शब्द नाहीत. काळे आधी केले. एक केला की वाटतं अजून एक राहिला. आई दारात येऊन गेली. "त्याइले बी असाच येळ लागे. जेवून घे."
एकवीस काळे केले असं वाटलं. एकेकावर बोट ठेवून मोजले. बावीस.