घडीखालचे पत्र

आंजी (मोठी),
मार्गशीर्ष, सन १९५५

प्रिय घनश्याम,

ज्याच्या कृपेवाचून दाण्याला अंकुर फुटत नाही, त्या नारायणाचे स्मरण करून लिहिते. पेकिंगच्या थंडीत शेतकी शिष्टमंडळासह तू सुखरूप असशील. मी मात्र संतापले आहे, आणि तो संताप तुझ्यावर आहे.

तेथील स्वर्गमंदिराचे वर्णन तू आपल्या गावच्या पाटलांना, म्हणजे प्रभाकररावांना, लिहिलेस. आकाश गोल म्हणून वेदी गोल, पृथ्वी चौकोनी म्हणून आवार चौकोनी. आपल्या यज्ञात गोल कुंडातला गार्हपत्य अग्नी पृथ्वीचा आणि चौकोनी कुंडातला आहवनीय अग्नी द्युलोकाचा, म्हणजे आकाशाचा. मांडणी उलट, पण मागणे तेच: पीक येवो.

प्रभाकररावांनी ते पत्र देवळाच्या पारावर मोठ्याने वाचले. साऱ्या देशासाठी एकटा सम्राटच पूजा करी, त्याची स्वारी जाताना प्रजेने दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, इथवर वाचून त्यांनी पत्राची घडी घातली. तेवढ्यात भागाबाई आली. तिने माळ फोडून केलेल्या शेतातले पहिले कणीस तिच्या पदरात होते. गावात देवाला पहिले कणीस वाहण्याचा मान पाटलांचाच. ते म्हणाले, "ऐकलं नाई काय, भागे? चीनच्या बादशाच्या घरीबी हाच कायदा होता. तू काऊन आली?" सारे हसले. ती म्हणाली, "बादशाचं बादशाले माहीत. माह्या वावरात निंदाले तुमी आलते काय, पाटील?" कणीस पायरीवर ठेवून ती गेली. पाटलांच्या गड्याने ते बैलापुढे टाकले.

मग पत्र मागून घेऊन मी ती घडी उलगडली. खाली तूच लिहिले होतेस: पूजेआधी सम्राट व्रतस्थ होऊन वेगळ्या महालात राही आणि उघड्या आकाशाखाली मस्तक भूमीला टेकी, आज तेथे कोणीही जाते, बाया लेकरे घेऊन वेदीपाशी उन्हात बसतात. प्रभाकरराव तर जेवून, ढेकर देत वाचत होते! मान सम्राटाचा हवा, व्रत नको. पण बंद दारांच्या वर्णनापुढे लिहिलेला 'काय ती शिस्त!' हा उद्गार तुझा आहे, घनश्याम. देवळाचा कारभार पाहणारा वहिवाटदार तू. हसणाऱ्यांना तुझा तेवढा उद्गार पुरला. पानफुलाने संतुष्ट होणारा आपला देव कणसाला नको म्हणेल?

गाभाऱ्याची किल्ली जाताना तू माझ्या हाती दिलीस. मी आज सकाळपासून निर्जळी आहे. उद्या भागाबाईला घेऊन जाईन, कुलूप उघडीन, आणि तिचे दुसरे कणीस तिच्याच हातून वाहिले जाईल. मी परवानगी मागत नाही. ही बातमी तुला आधी पाटलांकडून कळू नये, म्हणून हे पत्र. परतलास की त्याच पारावर उभे राहून घडीखालचे तू वाचायचे.

हे जो वाचेल, ज्याला कोणी वाचून दाखवील, आणि जो अर्ध्यावर घडी घालील, त्याच्याही घरी धान्य उतू जावो. सर्वांचे कल्याण असो.

तुझीच आई,
आनंदाबाई